आफ्रिकन गाणी, सिनेमा, फोटो: कुठून सुरू करायचं? बामाकोच्या स्टेशनवरून!

मित्रमंडळींत कोणी ना कोणी दर दोन-तीन महिन्यांनी विचारतंच, की अरे ते आफ्रिकन म्युझिक ऐकायचंय, काय ऐकू? आणि मग मी विचारतो, आफ्रिकेतलं म्हणजे कुठलं? तर समोरचा गप्प. ५४ देश आहेत बाबा तिथे. "मला आशियाई म्युझिक ऐकायचंय" असं कोणी म्हणालं तर आपण त्याला काय देणार, लावणी का जपानी पॉप? तसंच आहे हे.

म्हणून माझा साधा सल्ला असा की खंड सोडा, एक शहर पकडा. मी मालीची राजधानी बामाको पकडलं आणि अजून तिथून पुरता बाहेर पडलेलो नाही. कारण तिथली गाणी, सिनेमा आणि फोटो ही तीन वेगळी खाती नाहीतच, सगळे एकमेकांचे शेजारीपाजारी आहेत, एकाला धरलं की दुसरा आपोआप हाताला लागतो. खाली मी ज्या क्रमाने गेलो (म्हणजे खरं तर ज्या क्रमाने जायला हवं होतं, मी बराच भरकटलो) तो क्रम देतोय.

आधी हे कबूल करा की तुम्ही ऑलरेडी ऐकलंय

"जुम्मा चुम्मा दे दे" माहितीये ना? आणि "तम्मा तम्मा लोगे"? गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, शाळेच्या गॅदरिंगला, कुठे वाजली नाहीत ही गाणी. दोन्हींची चाल एकाच गाण्यावरून घेतलेली आहे. मोरी कांते नावाच्या गायकाचं "तामा", १९८७ च्या "अक्वाबा बीच" या अल्बममधलं. तामा म्हणजे काखेत धरून वाजवायचा छोटा ताशा म्हणा, दोऱ्या दाबल्या की सूर वर-खाली होतो. आत्ताच लावून बघा, पहिल्या मिनिटातच तुम्ही "अरेच्चा" म्हणणार याची गॅरंटी माझी.

मोरी कांते जन्माने गिनीचा, पण लहानपणीच शिकायला बामाकोला पाठवलेला, आणि तिथे तो ज्या बँडमध्ये गायला त्याचं नाव रेल बँड. खरंखुरं रेल्वेचं बँड. १९७० मध्ये सुरू झालं, बामाको स्टेशनला लागून जे हॉटेल होतं त्याच्या बुफेत संध्याकाळी वाजवायचे आणि पगार सरकारी रेल्वेकडून. म्हणजे आपल्याकडे मनमाड स्टेशनच्या कँटीनमध्ये रोज रात्री पंधराजणांचा ऑर्केस्ट्रा आणि महिन्याच्या महिन्याला पगार रेल्वेचा, असं काहीतरी. म्हणून आपणही स्टेशनवरच उतरायचं.

पहिला आठवडा: आडनावं शिका (हो, आडनावं)

ही पायरी लोक टाळतात आणि मग त्यांना निम्मं कळत नाही. माली, गिनी, सेनेगल, गांबिया या पट्ट्यात गाणं हा पिढीजात व्यवसाय आहे, आणि तो ज्यांचा त्यांना जेली म्हणतात (फ्रेंचमध्ये ग्रियो, इंटरनेटवर तोच शब्द जास्त दिसेल). बांबारा भाषेत जेलीचा एक अर्थ रक्त असाही आहे. तेराव्या शतकातल्या सुंजाता केइता राजापासूनच्या वंशावळी तोंडपाठ, लग्नाबारशाला यजमानाच्या पूर्वजांची स्तुती, दोन घरांत भांडण झालं तर मध्यस्थी, सगळं त्यांच्याकडे. आपल्याकडचे भाट, गोंधळी आणि थोडे शाहीर एकत्र केले तर अंदाज येईल, पण तंतोतंत जुळवायला जाऊ नका.

जाबाते, कुयाते, सिसोको ही जेली आडनावं. हे दिसलं की समजायचं, घराण्याचा माणूस. आणि केइता म्हणजे राजघराणं, ज्यांची स्तुती गायची ते लोक. आता गंमत बघा. रेल बँडचा पहिला मोठा गायक कोण, तर सालिफ केइता. राजाच्या कुळातला मुलगा गाणार म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने नाक कापलं. त्यात तो जन्मतः अल्बिनो, त्यामुळे लहानपणापासून लोकांच्या नजरा आणि अंधश्रद्धा, मास्तर व्हायचं होतं पण दृष्टी अधू म्हणून तेही दार बंद. तेव्हा तो बामाकोच्या बारमध्ये गायला लागला. १९७३ मध्ये त्याने रेल बँड सोडून दुसरं बँड धरलं आणि रिकाम्या जागी गायला उभा राहिला मोरी कांते. बघा, स्टेशनवरनं हललो पण नाही आणि दोन दिग्गज भेटले.

सालिफचा १९८७ चा "सोरो" सगळे सुचवतात, चांगलाच आहे, पण त्यातले सिंथेसायझर ऐकून नव्या माणसाला एकदम ऐंशीच्या दशकातलं काहीतरी वाटतं. मी म्हणेन २००२ चा "मोफू" आधी ऐका. गिटार, साथीला बायकांचा कोरस, आणि तो आवाज, जो वर गेला की छत कमी पडतं.

एक प्रॅक्टिकल टिप इथेच देऊन टाकतो. शोधताना स्पेलिंगने डोकं फिरतं. फ्रेंचांनी राज्य केलं तिथे "ज" लिहायला डी-आय किंवा डी-जे वापरतात आणि "उ"ला ओ-यू, आणि शेजारच्या गांबियात इंग्रजांचं राज्य होतं तिथे सरळ जे. त्यामुळे बामाकोचे जाबाते आणि गांबियाचे जोबार्ते हे मुळात एकच आडनाव. मला हे कळायला दोन वर्षं गेली.

दुसरा आठवडा: फक्त कोरा

कोरा हे वाद्य. मोठा भोपळा अर्धा कापून त्यावर गाईचं कातडं ताणलेलं, लांब दांडा, २१ तारा, त्याही दोन रांगांत, डाव्या हाताला ११ आणि उजव्या हाताला १०. तारांना हल्ली नायलॉन, मासे पकडायची गळाची दोरी चालते. वाजवणारा भोपळ्याची तारांची बाजू स्वतःकडे करून धरतो आणि फक्त दोन अंगठे आणि दोन तर्जन्या वापरतो, बाकीची बोटं मुठीत धरायचे दांडे पकडून ठेवतात. चार बोटं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं तिघंजण वाजवतायत. आई स्वयंपाकघरातनं म्हणाली "संतूर लावलंयस का रे", म्हटलं नाही, पण चूक पण नाही.

तुमानी जाबातेचा "काइरा" लावा, १९८८ चा. एकटा माणूस, एक कोरा, वर दुसरा ट्रॅक चढवलेला नाही. ऐकायचं कसं ते सांगतो. खाली अंगठ्यांनी एक छोटा तुकडा सारखा फिरत असतो, त्याला कुम्बेन्गो म्हणतात. तबला सोलोला सारंगी किंवा पेटीवर जो लेहरा धरतात ना, आवर्तनामागून आवर्तन, तसा तो पाया. आणि त्यावर मधूनच वरून खाली धबधब्यासारख्या सुटणाऱ्या ताना, त्या बिरिमिंतिन्गो. आपल्याकडे लेहरा धरणारा वेगळा आणि उधळणारा वेगळा असतो, इथे दोन्ही कामं एकच माणूस करतो. एक गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा काही करू नका, दुसऱ्यांदा फक्त खालचा लेहरा पकडून बोटाने टेबलावर मोजा, तिसऱ्यांदा वरचं ऐका पण बोट थांबवू नका. तिसऱ्या खेपेला काहीतरी जागेवर बसतं, बस, आता तुम्हाला कोरा ऐकता येतो. भांडी घासताना बॅकग्राउंडला लावलं तर ते स्पा म्युझिक वाटेल, तो दोष तुमचा.

त्यानंतर तुमानी आणि अली फार्का तुरे यांचा "इन द हार्ट ऑफ द मून", २००५. बामाकोत नायजर नदीकाठच्या हॉटेलात, रिहर्सल बिहर्सल न करता रेकॉर्ड केलेला. अली उत्तरेकडच्या न्याफुंके गावचा शेतकरी. हे कौतुकाने लावलेलं विशेषण नाही, खरंच भातशेती करायचा, आणि २००४ मध्ये गावाचा मेयर पण झाला. त्याच्या गिटारला लोक "आफ्रिकन ब्लूज" म्हणतात आणि तो चिडायचा, कारण त्याचं म्हणणं हे की ब्लूज आमच्याकडनं अमेरिकेत गेलं, उलटं नाही. आपल्यासाठी एक दुवा असा की अमेरिकन गिटारवाला राय कूडर याने विश्वमोहन भट्टांबरोबर केलेल्या अल्बमला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं आणि लगेच पुढच्या वर्षी त्यालाच अली फार्काबरोबरच्या "टॉकिंग टिंबक्टू"ला. दोन्ही पाठोपाठ ऐकून बघा, एखादा रविवार सहज जातो.

अली २००६ मध्ये गेला, तुमानी जुलै २०२४ मध्ये. तुमानी गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी दुसरं काही ऐकलं नाही.

मग बायका आणि वाळवंट

मालीत सगळेच गायक जेली नाहीत. दक्षिणेकडे वासुलू म्हणून प्रदेश आहे, तिथल्या गायिकांना कोनो म्हणजे पक्षी म्हणतात. त्यांना कोणाच्या पूर्वजांची स्तुती करायचं बंधन नाही, म्हणून त्या वाट्टेल त्यावर गातात. उमू सांगारे हे नाव लिहून ठेवा. वडील दुसरं लग्न करून निघून गेले, आई एकटी, पोरगी लहानपणीच लग्नसमारंभांत गाऊन घर चालवायला लागली. १९९० मध्ये विशी-बाविशीत असताना तिची "मुसोलू" नावाची कॅसेट आली, मुसोलू म्हणजे बायका. बहुपत्नीत्वावर, जबरदस्तीच्या लग्नावर, आणि प्रेमावर पण सरळ सरळ, आणि ज्या देशात पुरुषाने चार बायका करणं कायदेशीर आहे तिथे हे गाणं प्रत्येक बाजारात वाजलं. त्यात मागे जे खरखरीत, उड्या मारणारं तंतुवाद्य आहे ते कामेले न्गोनी, म्हणजे "तरुणांची वीणा". ठेका नाचायला लावतो आणि शब्द सासूला झोंबतात, आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या मला. बियॉन्सेने २०१९ मध्ये उमूच्या गाण्याचा तुकडा वापरला तेव्हा नवीन पोरांनी तिला शोधलं.

वाळवंटातलं पटकन सांगतो. तिनारीवेन, तुआरेग लोकांचं बँड. त्यातल्या इब्राहिमने लहानपणी पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची वायर जोडून पहिली गिटार बनवलेली. "अमान इमान" (२००७) ऐका. एका कॉर्डवर पाच मिनिटं राहतात आणि कंटाळा येत नाही, कसं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि अमादू-मरियमचा "दिमांश आ बामाको", म्हणजे "बामाकोतला रविवार". दोघंही अंध, बामाकोच्या अंधशाळेत भेटले, लग्न केलं. त्यातलं रविवारचं गाणं म्हणजे बामाकोत रविवारी सगळीकडे लग्नं असतात, कोण कोण आलंय, कोणती वाद्यं वाजतायत, बस एवढंच. लावून झाडलोट करा, मूड बनतो. अमादू एप्रिल २०२५ मध्ये गेला.

सिनेमा: डायरेक्ट बामाकोला नको, आधी डाकार

इथे मी चुकलो, तुम्ही चुकू नका. मी पहिला लावला "येलेन", सुलेमान सिसेचा, १९८७ मध्ये कान फेस्टिव्हलला ज्युरी प्राइज मिळालेला. जादूटोणा करणारा बाप स्वतःच्या पोराला मारायला निघालाय, पुराणकथेसारखं, संथ, विधींवर विधी. चाळिसाव्या मिनिटाला झोपलो. तीन वर्षांनी परत बघितला तेव्हा वेडा झालो. तोपर्यंत जेली कोण, लोहार कोण, कोमो नावाची गुप्त मंडळी काय, हे कानावर पडलेलं होतं, एवढाच फरक.

त्यापेक्षा स्टेशनवरून गाडी पकडा. बामाकोहून सेनेगलच्या डाकारपर्यंत फ्रेंचांच्या काळातला, सुमारे १,२०० किलोमीटरचा रेल्वेमार्ग, रेल बँड ज्या लाइनचं तीच लाइन. डाकारला उतरून उस्मान सेम्बेनचा "मांदाबी" बघा, १९६८ चा. मांदाबी म्हणजे मनीऑर्डर. बेकार इब्राहिमा, दोन बायका, सात पोरं, आणि पॅरिसला रस्ते झाडणाऱ्या भाच्याने पाठवली २५,००० फ्रँकची मनीऑर्डर. पोस्टात गेला तर ओळखपत्र आणा. ओळखपत्राला जन्मदाखला आणा. दाखल्याला तारीख सांगा, ती कोणाला माहिती? फोटो आणा, स्टॅम्प आणा. आणि तोवर सगळ्या गल्लीला पैसे आल्याचं कळलेलं, दारात उधारी मागणाऱ्यांची रांग. तहसील कचेरीत किंवा सेतू केंद्रावर ज्याने एक दिवस घालवलाय त्याला सबटायटलची पण गरज नाही. मी बाबांबरोबर बघितला, ते शेवटी एवढंच म्हणाले, "झेरॉक्स तेवढी राहिली."

हा वोलोफ भाषेतला सिनेमा. त्याआधी तिकडचे सिनेमे फ्रेंचमध्ये व्हायचे, म्हणजे ज्यांच्यावर सिनेमा त्यांनाच कळायचा नाही. सेम्बेन आधी कादंबरीकार होता, त्याने सिनेमा धरला तो याचसाठी, की लिहिलेलं वाचणार कोण.

आता परत बामाको. अब्दुर्रहमान सिसाकोचा "बामाको", २००६. घराच्या अंगणात कोर्ट भरलंय, आरोपी कोण तर वर्ल्ड बँक आणि आयएमएफ, वकील-न्यायाधीश खऱ्या आयुष्यातले वकील-न्यायाधीश, आणि अंगण दिग्दर्शकाच्या वडिलांच्या घराचं. युक्तिवाद चालू असताना मागे बायका कापड रंगवतायत, पोर रांगतंय, मधूनच लग्नाची वरात आत शिरते, कोर्ट थांबतं, वरात जाते, कोर्ट पुढे चालू. ज्यांनी चैतन्य ताम्हाणेचा "कोर्ट" बघितलाय त्यांना हा संथपणा ओळखीचा वाटेल. एका जागी म्हातारा शेतकरी उठतो आणि साक्ष द्यायच्या ऐवजी गाऊ लागतो. त्याच्या गाण्याला सबटायटल नाहीत, मुद्दाम ठेवलेले नाहीत. रिमोट शोधू नका, सेटिंगमध्ये जाऊ नका, तुमचं नेट पण ठीक आहे. ऐका. दोन आठवडे गाणी ऐकून इथे आलात तर तो काय करतोय ते पोटात कळतं.

मग त्याचाच "टिंबक्टू", २०१४. २०१२ मध्ये उत्तर मालीवर जिहादी गटांनी ताबा घेतला आणि गाण्यावर बंदी आणली, अली फार्काच्या मुलखात! सिनेमात फुटबॉलवर बंदी आहे म्हणून पोरं बॉलशिवाय मॅच खेळतात, पास, हेडर, गोल, सगळं हवेत. हा एक सीन मी कितीजणांना मोबाइलवर दाखवला असेल. गायल्याबद्दल फटके खाणारी आणि फटके खाताखाता गाणारी बाई आहे फातुमाता जावारा, मालीचीच गायिका. तिचा "फातू" (२०११) त्याच रात्री लावा, क्रम तुटू देऊ नका.

सिनेमे मिळतात कुठे, हा प्रश्न येणारच. मुबीवर सेम्बेन, सिसाको अधूनमधून येतात आणि जातात, दिसला की लगेच बघा, वॉचलिस्टमध्ये टाकून लोणचं घालू नका. नेटफ्लिक्सवर माती जोपचा "अटलांटिक्स" (२०१९) आहे, तो डाकारचाच, आणि आजचा. अजून खोलात जायचं तर बुर्किना फासोमधल्या वागादुगुचा फेस्पाको फेस्टिव्हल, १९६९ पासूनचा. दर दोन वर्षांनी होतो, त्यातल्या विजेत्यांची यादी हीच तुमची पुढची यादी.

फोटो: घरातला जुना अल्बम काढा आधी

खरंच काढा. आजी-आजोबांचा स्टुडिओतला फोटो, मागे रंगवलेला पडदा, हातात उगाच पुस्तक किंवा प्लास्टिकची फुलं, मनगट असं वळवलेलं की घड्याळ दिसलं पाहिजे. तो शेजारी ठेवा आणि मग सेदू केइताचे फोटो उघडा.

सेदूने १९४८ मध्ये बामाकोत, स्टेशनपासून फार लांब नाही अशा वस्तीत स्टुडिओ टाकला. उजेड अंगणातला. पहिला पडदा म्हणजे त्याच्या पलंगावरची झालरवाली चादर. पुढे दर दोन-तीन वर्षांनी पडदा बदलायचा, आणि अनेक वर्षांनी कुठला फोटो कधीचा हे तो पडद्यावरून ओळखायचा. स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी सूट, टाय, घड्याळं, पेन, रेडिओ, स्कूटर, नंतर त्याची स्वतःची मोटार, सगळं हजर. सहसा एकच क्लिक, कारण फिल्म महाग. बघताना एक करा: चेहरा सोडा, कापड बघा. बाईच्या अंगावर नक्षी, मागे पडद्यावर नक्षी, खाली सतरंजीवर नक्षी, तीन नक्ष्या एकमेकींना भिडलेल्या आणि त्यात चेहरा आणि दोन हात शांत. मग हात बघा. हात कुठे ठेवायचे हे तो सांगायचा, आणि काय सांगायचा!

१९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्याचे फोटो लागले तेव्हा खाली लिहिलेलं, फोटोग्राफर अज्ञात. माणूस जिवंत, बामाकोत, आणि अज्ञात. मग पॅरिसहून लोक त्याला शोधत आले.

दुसरा मलिक सिदिबे. साठचं दशक, देश १९६० मध्ये नुकता स्वतंत्र झालेला, पोरापोरींचे क्लब, शनिवारी रात्री पार्ट्या. मलिक सायकलवरून एका रात्रीत तीन-चार पार्ट्या करायचा, पहाटेपर्यंत फिल्म धुवायचा आणि छोट्या प्रिंट्स दुकानाबाहेर लावायचा, मग पोरं येऊन आपला फोटो शोधणार आणि कोणाबरोबर नाचत होतो ते घरच्यांना कळायच्या आत काढून घेणार. १९६३ चा नाताळच्या रात्रीचा फोटो शोधा: सुटातला मुलगा, अनवाणी मुलगी, दोघांची डोकी जवळजवळ टेकलेली, नजर पायांकडे. सगळे त्यांना प्रेमी समजतात, ते भाऊ-बहीण. तो तिला नाच शिकवतोय. २००७ मध्ये व्हेनिस बिनालेने (बिनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) मलिकला जीवनगौरवाचा गोल्डन लायन दिला, फोटोग्राफरला तो पहिल्यांदाच मिळाला. हे फोटो बघताना मागे रेल बँड लावा, काळ दहा वर्षांनी चुकतो, पण चालतंय.

आजचं बघायचं तर अब्दुलाये कोनाते. भिंतभर मोठी कामं, रंगवलेल्या कापडाच्या शेकडो पट्ट्या एकावर एक शिवून. फोनवर ती नुसती रंगीत दिसतात, झूम करून शिलाई बघा. आणि बामाकोतच १९९४ पासून आफ्रिकन फोटोग्राफीचं बिनाले भरतं, त्याच्या प्रत्येक वर्षाच्या यादीतून दोन नावं उचलली तरी पुष्कळ.

काही किरकोळ

अफ्रोबीट आणि अफ्रोबीट्स एक नाही. पहिलं सत्तरच्या दशकातलं लागोसचं, फेला कुटीचं, एकेक गाणं पंधरा मिनिटांचं. दुसरं आजचं नायजेरियन पॉप, बर्ना बॉय वगैरे. अमापियानो हे साउथ आफ्रिकेचं नाचायचं म्युझिक. ही सगळी वेगळी शहरं आहेत, बामाकोतनं निघालात की जा, मस्तच आहेत.

गाण्याचा अर्थ कळत नाही म्हणून अडू नका, पण एक-दोन बांबारा शब्द पकडून ठेवा. "जाराबी" म्हणजे प्रेम किंवा प्रियकर, हा दर तिसऱ्या गाण्यात येतो. "काइरा" म्हणजे शांती. "इ नि चे" म्हणजे नमस्कार, आभार, दोन्हीला चालतं.

आणि शेवटची पायरी, ही तुम्हाला पुण्या-मुंबईत कधी मालीचा माणूस भेटला तरची. नाव झालं की आडनाव विचारा, तिकडे ते उद्धटपणाचं नाही, उलट खऱ्या गप्पा तिथनं सुरू होतात. काही आडनावांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चिडवायचं नातं असतं, व्याह्या-विहिणींसारखं, एकमेकांचा अपमान केला तरी रागवायचं नाही असा नियम. सगळ्यात जुनी शिवी म्हणजे "तू घेवडे खातोस", आणि ती बहुतेक वेळा कुलिबाली आडनावाच्या माणसाच्या वाट्याला येते. पाहुण्याला पण ते एखादं माली आडनाव देऊन टाकतात म्हणजे त्यालाही चिडवता येतं. मला असा एकजण भेटला त्या दिवशी माझ्या डब्यात वालाची उसळ होती. मला कुठलं आडनाव मिळालं असेल सांगा.